अंत्ययात्रेचा दिवस आणि सामन्याचा दिवस

६ फेब्रुवारी १९५२ रोजी मद्रासच्या चेपॉक मैदानावर भारत आणि इंग्लंड यांच्यातील पाचवी कसोटी सुरू झाली आणि त्याच दिवशी राजे सहावे जॉर्ज यांच्या निधनाची बातमी आली. पाहुणा संघ त्या राजाच्या प्रजेचा होता, तर यजमान देशाला प्रजासत्ताक होऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. सामना तसाच चालू ठेवावा तर पाहुण्यांच्या भावनांचा प्रश्न होता, आणि सोडून द्यावा तर मालिकेचा निकाल अधांतरी राहिला असता. त्या काळी कसोटीत एक दिवस विश्रांतीचा असे. संयोजकांनी तोच अलीकडे आणला, ७ तारखेला खेळ बंद ठेवला आणि ८ तारखेला सामना पुढे सुरू केला. विनू मंकड यांनी पहिल्या डावात ५५ धावांत ८ बळी घेतले, पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांनी शतके झळकावली आणि सांगलीचे विजय हजारे यांच्या नेतृत्वाखाली भारताने एक डाव आणि ८ धावांनी आपला पहिला कसोटी विजय मिळवला. शोकाचा मान राखला गेला आणि कोणाचे काही बुडालेही नाही.

राजघराण्यातील अंत्यसंस्कारासाठी खेळांचे सामने पुढे ढकलावेत का, या प्रश्नाचा विचार करताना मला नेहमी हा जुना तोडगा आठवतो, कारण सप्टेंबर २०२२ मध्ये, राणी दुसरी एलिझाबेथ यांच्या निधनानंतर, ब्रिटनमधील क्रीडासंस्थांनी जे निर्णय घेतले त्यांत इतका साधा व्यवहारीपणा फार थोड्या ठिकाणी दिसला. माझे मत आधीच सांगून टाकतो. ज्या दिवशी आणि ज्या वेळी अंत्यसंस्कार आहेत त्या वेळी खेळू नये, हे मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र निधन आणि अंत्यसंस्कार यांच्यामधल्या दुखवट्याच्या दिवसांत सरसकट सगळी मैदाने बंद ठेवण्यात मला आदर कमी आणि घबराट जास्त दिसते.

राणींचे निधन गुरुवारी, ८ सप्टेंबरला, बाल्मोरल येथे झाले. ते जाहीर झाले तोवर आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजून गेले होते. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी होती आणि गुरुवारी संध्याकाळीच दुबईत विराट कोहलीने अफगाणिस्तानविरुद्ध आपले एकाहत्तरावे आंतरराष्ट्रीय शतक पूर्ण केले होते, त्यामुळे महाराष्ट्रात ती बातमी ढोल-ताशांच्या आणि क्रिकेटच्या गप्पांच्या मधोमध येऊन पडली. ब्रिटनमध्ये मात्र शुक्रवारी सकाळी प्रत्येक क्रीडासंस्थेपुढे एकच प्रश्न होता, की शनिवार-रविवारचे काय करायचे? सरकारने राष्ट्रीय दुखवट्याच्या काळासाठी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले त्यात सामने रद्द करण्याचे किंवा पुढे ढकलण्याचे कोणतेही बंधन घातले नव्हते. निर्णय ज्या त्या संस्थेवर सोडला होता. अंत्यसंस्काराच्या दिवशी मात्र सामन्यांच्या वेळा विधींच्या किंवा मिरवणुकीच्या वेळांशी भिडणार नाहीत याचा विचार करावा, एवढे त्यात सुचवले होते. इतके समंजस सरकारी पत्रक क्वचितच वाचायला मिळते. ते हाती असूनही त्यातून दोन टोकांचे निर्णय निघाले.

इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने लंडनच्या ओव्हलवरील दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या कसोटीचा शुक्रवारचा खेळ रद्द केला आणि शनिवारी सामना सुरू करण्याचे जाहीर केले. गुरुवारी नाणेफेक होऊनही पावसामुळे एक चेंडूसुद्धा पडला नव्हता, म्हणजे दोन दिवस गेलेलेच होते. मी तो शनिवारचा खेळ सुरुवातीपासून पाहिला. भरलेले मैदान, पायऱ्या उतरून येणारे दोन्ही संघ, दंडावर काळ्या फिती, आणि त्या एका मिनिटात खोकल्याचा आवाज ऐकू येईल इतकी शांतता. मग दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्रगीत झाले आणि पाठोपाठ ब्रिटनचे. त्यातला ‘राणी’ हा शब्द सात दशकांनंतर ‘राजा’ असा बदललेला होता आणि मैदानावरच्या बहुतेकांनी तो तसा आयुष्यात पहिल्यांदाच म्हटला. त्यानंतर जो टाळ्यांचा कडकडाट झाला त्याला जल्लोष म्हणता येणार नाही, आणि रडण्याऐवजी माणसे टाळ्या वाजवत होती असेही मी म्हणणार नाही. लोकांना एकत्र जमून काहीतरी करायचे होते आणि ते करायला त्यांना एक जागा मिळाली, इतकेच. पुढे दिवसभरात सतरा गडी बाद झाले, ऑली रॉबिन्सनने पाच बळी घेतले आणि सोमवारी सकाळी इंग्लंडने नऊ गड्यांनी सामना जिंकला. क्रिकेट म्हणून तो सामना फार थोर नव्हता. दुखवटा पाळायची एक रीत म्हणून मात्र तो मला फार नेटका वाटला.

फुटबॉलने याच्या अगदी उलट केले. प्रीमियर लीगचे त्या आठवड्यातले दहाही सामने, त्याखालच्या सगळ्या व्यावसायिक विभागांचे सामने, महिलांच्या सुपर लीगचा हंगामारंभ, आणि एवढ्यावर न थांबता गावोगावच्या हौशी संघांचे व शाळकरी मुलांचे सामनेही फुटबॉल संघटनेने थांबवले. महिलांच्या लीगचे मला विशेष वाईट वाटले. जुलैच्या अखेरीस वेम्बलीवर जर्मनीला हरवून इंग्लंडच्या महिला संघाने युरोपीय अजिंक्यपद मिळवले होते, त्या लाटेवर हंगाम सुरू व्हायचा होता, आणि नेमका पहिलाच आठवडा हातचा गेला. मुलांच्या सामन्यांबाबतचा निर्णय तर मला आजही समजलेला नाही. रविवारी सकाळी सार्वजनिक मैदानावर दहा-बारा वर्षांची मुले अर्धा तास खेळली असती तर बाल्मोरलमध्ये कोणाचा अवमान होणार होता? त्याच मुलांना खेळण्यापूर्वी वर्तुळ करून दोन मिनिटे उभे केले असते, तर आपल्या देशात काय घडले आहे हे त्यांना घरी बसून मोबाइल बघण्यापेक्षा नक्कीच अधिक कळले असते. त्याच शनिवारी हौशी क्रिकेट खेळले गेले, रविवारी न्यूकॅसलहून साउथ शील्ड्सपर्यंतची ग्रेट नॉर्थ रन ही अर्धमॅरेथॉन हजारो धावपटूंनी पूर्ण केली, डॉनकास्टरची सेंट लेजर ही घोड्यांची जुनी शर्यत एक दिवस पुढे सरकवून रविवारी झाली, आणि वेंटवर्थची गोल्फ स्पर्धा एक दिवस थांबून चारऐवजी तीन फेऱ्यांची करून पार पडली. सायकलस्वारांची टूर ऑफ ब्रिटन मात्र उरलेले सगळे टप्पे रद्द करून तिथेच संपवण्यात आली. गावागावांतून रस्ते बंद करून जाणाऱ्या त्या शर्यतीला पोलीस लागतात, त्यामुळे तिची अडचण मला पटते.

फुटबॉलने असे का केले असावे? अधिकृत कारण आदराचे होते. माझा अंदाज वेगळा आहे. गुरुवारी रात्रीच युरोपीय स्पर्धांचे काही सामने झाले होते. मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर शांतता पाळली गेली आणि लंडनमध्ये वेस्ट हॅमच्या प्रेक्षकांनी आपणहून राष्ट्रगीत म्हटले, पण एडिनबरोत हार्ट्स संघाच्या मैदानावर काही प्रेक्षकांनी आरडाओरडा केल्यामुळे श्रद्धांजलीची शांतता मध्येच आवरती घ्यावी लागली. असे दृश्य दहा मैदानांवर दिसले आणि जगभर प्रक्षेपित झाले तर काय, ही भीती शुक्रवारच्या बैठकीत कोणाच्याच मनात नसेल असे मला वाटत नाही. भीती असणे गैर नाही. पण भीतीला आदराचे नाव दिले की मग ज्याने सामना खेळवला तो आपोआप अनादर करणारा ठरतो, आणि ओव्हलवर जमलेल्या हजारो लोकांबद्दल तसे म्हणणे अन्यायाचे आहे.

त्यानंतरच्या आठवड्यात मात्र परिस्थिती खरोखरच बदलली आणि तेव्हा जे सामने पुढे ढकलले गेले त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. राणींचे पार्थिव वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये अंत्यदर्शनासाठी ठेवले होते, थेम्सच्या काठाने मैलोन्मैल रांग लागली होती, जगभरातील राष्ट्रप्रमुख येणार होते आणि त्या बंदोबस्तासाठी देशभरातून पोलीस लंडनला आणले जात होते. आर्सेनलचा १५ सप्टेंबरचा नेदरलँड्सच्या पीएसव्ही संघाविरुद्धचा सामना, तसेच चेल्सी-लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेड-लीड्स हे सामने पोलीसबळाच्या कारणावरून पुढे गेले. त्याआधी राणींचे पार्थिव स्कॉटलंडमध्ये असताना ग्लासगोतील रेंजर्स-नापोली सामना एक दिवस पुढे नेण्यात आला आणि पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांना प्रवेश नाकारण्यात आला. माणसे अपुरी आहेत म्हणून सामना होणार नाही, हे कारण प्रत्येकाला समजते आणि त्यावर वाद घालता येत नाही.

एक सामना हलवला की त्याच्या मागची रांग कशी कोसळते हे पाहण्यासारखे आहे. पीएसव्हीविरुद्धच्या सामन्याला २० ऑक्टोबरची तारीख मिळाली, म्हणून १९ ऑक्टोबरला ठरलेला आर्सेनल-मँचेस्टर सिटी सामना उठवावा लागला आणि तो थेट १५ फेब्रुवारी २०२३ रोजी झाला. त्या वर्षी २० नोव्हेंबरपासून कतारमध्ये विश्वचषक असल्याने हंगाम मध्येच थांबणार होता, त्यामुळे मोकळ्या तारखा मुळातच नव्हत्या. चेल्सी-लिव्हरपूल सामना एप्रिलमध्ये झाला, आणि निधनानंतरच्या पहिल्या शनिवारी ठरलेला लिव्हरपूल-वुल्व्ह्ज सामना मार्च उजाडल्यावर. सहा महिन्यांनी दोन्ही संघांत जखमी कोण, फॉर्मात कोण, प्रशिक्षक कोण, हे सगळे बदललेले असते. वुल्व्ह्जचा तर मधल्या काळात प्रशिक्षकच बदलला होता. ज्यांनी महिनाभर आधी रेल्वेचे तिकीट आणि हॉटेलची खोली घेऊन ठेवली होती त्यांच्या खर्चाचा हिशेब कोणीच करत नाही. मोठ्या क्लबला दूरचित्रवाणीचे पैसे उशिरा का होईना मिळतात, खालच्या विभागातल्या क्लबचे मात्र शनिवारच्या दारावरच्या तिकिटांवर आणि चहा-पावाच्या विक्रीवर भागत असते, आणि आठवड्याच्या मध्येच ठेवलेल्या बदली सामन्याला शनिवारइतकी गर्दी जमत नाही.

या सगळ्या गदारोळात आपला महिला क्रिकेट संघही इंग्लंडमध्येच होता. १० सप्टेंबरला, म्हणजे ओव्हलवर खेळ सुरू झाला त्याच शनिवारी, चेस्टर-ली-स्ट्रीट येथे टी-ट्वेंटी मालिकेचा पहिला सामना खेळवण्यात आला. मैदान ओले होते, भारत नऊ गड्यांनी हरला आणि खेळण्यास पूर्णपणे योग्य नसलेल्या स्थितीत आम्हाला खेळावे लागले असे हरमनप्रीत कौरने नंतर बोलूनही दाखवले. शोकासाठी सामना पुढे ढकलला नाही हे मला योग्यच वाटते. ओलावा मात्र वेगळी बाब आहे आणि खेळाडूंच्या हातापायांची काळजी हे सामना थांबवण्याचे कोणत्याही दुखवट्याहून अधिक भक्कम कारण आहे. तीन दिवसांनी डर्बी येथे सांगलीच्याच स्मृती मानधनाने नाबाद ७९ धावा करून सामना जिंकून दिला. पहिला एकदिवसीय सामना १८ सप्टेंबरला होव्ह येथे, अंत्यसंस्काराच्या आदल्या दिवशी झाला. त्यात तिने ९१ धावा केल्या आणि दुसऱ्या दिवशी, १९ तारखेला, सगळा देश वेस्टमिन्स्टर ॲबीकडे डोळे लावून बसला. आदला दिवस खेळाचा, तो दिवस अंत्यसंस्काराचा, एवढी साधी विभागणी करता येते हे त्या वेळापत्रकानेच दाखवून दिले. आपल्या सरकारने ११ सप्टेंबरला एक दिवसाचा राजकीय दुखवटा पाळला होता आणि पुण्याची विसर्जन मिरवणूक त्याच्या आदल्या दिवशी संपली होती. मिरवणूक आणखी लांबली असती तर काय झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही.

खुद्द राजघराण्याच्या बाबतीतच एक वर्ष आधी हे काम उत्तम रीतीने पार पडले होते. प्रिन्स फिलिप यांचे ९ एप्रिल २०२१ रोजी निधन झाले. दुसऱ्याच दिवशी ग्रँड नॅशनल ही घोड्यांची शर्यत झाली आणि ती जिंकणारी पहिली महिला जॉकी म्हणून रेचल ब्लॅकमोरचे नाव इतिहासात गेले. अंत्यसंस्कार शनिवारी, १७ एप्रिलला, दुपारी तीन वाजता विंडसर येथे व्हायचे होते, आणि शनिवारी दुपारी तीन ही इंग्लिश फुटबॉलची परंपरेने ठरलेली वेळ. म्हणून वुल्व्ह्ज आणि शेफील्ड युनायटेड यांचा तीनचा सामना रात्री सव्वाआठला नेण्यात आला. बाकीचे दुपारच्या आधी किंवा संध्याकाळी झाले, घोड्यांच्या शर्यती तेवढा वेळ थांबल्या आणि कोणी कोणावर अनादराचा आरोप केला नाही. करोनामुळे मैदाने रिकामी होती, त्यामुळे हे सोपे गेले हे खरे. तरीही तत्त्व तेच राहते.

उलट बाजूची चूकही घडलेली आहे आणि तिचा उल्लेख न करणे पक्षपाताचे होईल. प्रिन्सेस डायना यांचे अंत्यसंस्कार ६ सप्टेंबर १९९७ रोजी शनिवारी होते. त्याच दुपारी ॲबरडीन येथे स्कॉटलंड आणि बेलारूस यांचा विश्वचषक पात्रता सामना ठरलेला होता. लॉर्ड्सवरील नॅटवेस्ट करंडक या क्रिकेट स्पर्धेचा अंतिम सामना निमूटपणे रविवारी नेण्यात आला, इंग्लंडमधले फुटबॉल त्या दिवशी थांबले, पण स्कॉटिश फुटबॉल संघटना शनिवारी दुपारीच खेळण्यावर अडून बसली. ॲली मकॉइस्ट, अँडी गोरम आणि गॉर्डन ड्युरी या तिघांनी आपण खेळणार नाही असे कळवले, संघटनेच्या प्रमुखाच्या राजीनाम्याची मागणी झाली आणि अखेर सामना रविवारी खेळवावा लागला. स्कॉटलंडने तो ४-१ असा जिंकला. जी गोष्ट पहिल्या दिवशी एका दूरध्वनीने झाली असती तिच्यासाठी आठवडाभर अब्रू घालवून घेतली. अंत्यसंस्काराच्या दिवशी सामना न हलवणे आणि दुखवट्याच्या आठवड्यात सगळेच हलवणे, या दोन्हींत मला एकच उणीव दिसते. समोरच्या प्रसंगाला नेमके किती लागते हे कोणी मोजलेच नाही.

आपल्याकडे घरात सुतक असले की सत्यनारायण पुढे ढकलतात, साखरपुडा पुढे ढकलतात, पण गोठ्यातल्या म्हशीची धार कोणी पुढे ढकलत नाही. सामना हा साखरपुड्यात मोडतो की धारेत, हाच खरा वादाचा मुद्दा आहे. काही सामने निश्चितच पहिल्या प्रकारचे असतात. प्रदर्शनी सामने, आतषबाजी आणि नाचगाण्यांसह होणारे उद्घाटन सोहळे दुखवट्यात शोभत नाहीत आणि ते रद्द केल्याने कोणाचे अडत नाही. लीगचा सामना, कसोटी, गावातली साप्ताहिक स्पर्धा ही मात्र नित्याची कामे आहेत, आणि त्यांच्यावर तिकीटविक्रेत्यापासून मैदान राखणाऱ्या माळ्यापर्यंत अनेकांची रोजची कमाई अवलंबून असते.

भारतातही या दोन्ही तऱ्हा दिसल्या आहेत. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी सियालकोट येथे पाकिस्तानविरुद्धचा एकदिवसीय सामना चालू असताना इंदिरा गांधी यांच्या हत्येची बातमी आली. दिलीप वेंगसरकर ९४ धावांवर नाबाद होते. सामना तिथेच थांबला, दौराही संपला, आणि ते शतक कायमचे राहून गेले. पंतप्रधानाची हत्या झालेल्या देशाचा संघ परक्या भूमीवर खेळत राहणे अशक्यच होते. पुढच्याच महिन्यात इंग्लंडचा संघ मुंबईत असताना ब्रिटनचे उपउच्चायुक्त पर्सी नॉरिस यांची गोळ्या घालून हत्या झाली. आदल्याच रात्री त्यांनी इंग्लंडच्या खेळाडूंना मेजवानी दिली होती. तरीही दुसऱ्या दिवशी वानखेडेवर कसोटी सुरू झाली आणि ती भारताने जिंकली. खेळाडूंच्या मनावर त्या सकाळी काय दडपण असेल याची कल्पना करवत नाही, आणि तो सामना एक दिवस उशिरा सुरू केला असता तर मी त्याला नावे ठेवली नसती.

लता मंगेशकर गेल्या तो दिवस ६ फेब्रुवारी २०२२, म्हणजे सहाव्या जॉर्ज यांच्या निधनाला आणि मद्रासच्या त्या पहिल्या दिवसाला बरोबर सत्तर वर्षे झाली होती. त्या दिवशी अहमदाबादला भारताचा हजारावा एकदिवसीय सामना होता. खेळाडूंनी काळ्या फिती बांधल्या, मौन पाळले आणि सामना झाला. संध्याकाळी शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले. माझा नियम काटेकोरपणे लावायचा तर तो सामना त्याच दिवशी व्हायला नको होता, हे मला मान्य करावे लागेल. तरीही तेव्हा मला तो अनादर वाटला नाही. १९८३ च्या विश्वविजेत्यांना द्यायला मंडळाकडे पैसे नव्हते, तेव्हा ज्यांनी दिल्लीत गाऊन ते उभे करून दिले, त्यांच्यासाठी भारतीय संघाने दंडाला काळी फीत बांधून मैदानावर उतरणे मला सुसंगत वाटले. गेलेल्या व्यक्तीचे त्या खेळाशी नाते काय होते, याचाही विचार अशा वेळी व्हायला हवा. राणींना घोड्यांच्या शर्यतींचे मनापासून वेड होते, आणि सेंट लेजर रद्द न होता रविवारी धावली यात मला तेच शहाणपण दिसले.

उरतो तो हार्ट्सच्या मैदानावरच्या आरडाओरड्याचा प्रश्न. ज्यांना राजेशाहीच मान्य नाही अशी माणसे ब्रिटनमध्ये भरपूर आहेत आणि त्यांना दुःख झालेच पाहिजे अशी सक्ती करता येणार नाही. त्यांच्यासाठी सामने बंद ठेवणे हा उपाय नाही. श्रद्धांजली, सामना सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटे, वेळ जाहीर करून ठेवली तर ज्याला उभे राहायचे नाही तो तेवढा वेळ बाहेर थांबून मग आत येऊ शकतो. त्यातूनही चार माणसे ओरडली तर ओरडू द्यावीत, चाळीस हजारांच्या शांततेवर त्यांच्यामुळे डाग पडत नाही. आणि पोलीस अपुरे असतील तर क्लबने तसे स्पष्ट लिहावे, प्रक्षेपणाची अडचण असेल तर तीही लिहावी, म्हणजे तिकीट काढून बसलेल्या माणसाला आपला शनिवार नेमका कशासाठी गेला एवढे तरी समजेल.